गळ्यावरील गाठ, घशातील आवंढा आणि बाळंतपण

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत. पत्रांतील प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. गळ्यावर गाठ आहे का, थायरॉइड ग्रंथीचे काम कमी किंवा जास्त झाले आहे का, आणि घशात काही अडकल्यासारखे का वाटते, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. ग्रंथीत चांगली मोठी गाठ असूनही तिचे काम बिनचूक चालू असते. काम पार बिघडलेले असताना गळा अगदी सपाट असतो. आणि या दोन्हींपैकी काही नसतानाही घसा दिवसभर धरलेला राहू शकतो. एका प्रश्नाची तपासणी करून दुसऱ्याचे उत्तर मिळाले असे समजल्यामुळे किती स्त्रिया विनाकारण घाबरतात आणि किती जणी विनाकारण निर्धास्त राहतात, हे मी पुण्यात रुग्ण तपासताना रोज पाहतो. म्हणून या अंकात याच विषयावरील निवडक पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून मला पाचवा महिना संपत आला आहे. मंगळसूत्र घालताना गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. टी.एस.एच. १.९ आहे. गळ्याच्या सोनोग्राफीत १.८ सेंटिमीटरची गाठ आणि ‘टायरॅड्स ४’ असे लिहून आले. डॉक्टरांनी सुईने तपासणी सुचवली आहे. परंतु गरोदरपणात गाठीला सुई लावू नये, लावली तर ती पसरते आणि बाळालाही धोका होतो, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : गाठीतील पेशी सुईने काढून तपासण्याची ही पद्धत, जिला एफ.एन.ए.सी. म्हणतात, गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात करता येते आणि तिच्यामुळे बाळाला इजा होत नाही. रक्त काढण्याच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक सुई वापरली जाते, गुंगीचे औषध द्यावे लागत नाही, आणि सोनोग्राफीत गाठ पाहत पाहत सुई नेमक्या जागी नेता येते. सुई लागल्याने गाठ ‘चिडते’ किंवा पसरते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वी लोक गाठ खूप वाढल्यावरच डॉक्टरांकडे येत आणि तपासणीनंतर काही महिन्यांतच रुग्ण दगावलेला घरच्यांना दिसे, त्यामुळे दोष सुईवर गेला असावा. सासूबाईंची काळजी खरी आहे, म्हणून त्यांना तपासणीच्या वेळी सोबत न्यावे आणि त्यांच्या शंका त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचाराव्यात, असे मी सुचवेन.

आता अहवालाविषयी. टी.एस.एच. हे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक आहे; थायरॉइडचे काम कमी पडले की ते वाढते, जास्त झाले की घटते. ते १.९ असणे म्हणजे ग्रंथीचे काम उत्तम चालू आहे, इतकेच. गाठ कशी आहे याविषयी हा आकडा काहीही सांगत नाही. ते सोनोग्राफीवरून कळते. गाठ घन आहे की पाण्याची, तिच्या कडा नीट आहेत की दातेरी, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, ती आडवीपेक्षा उभी जास्त आहे का, या गोष्टींना गुण देऊन १ ते ५ अशी ‘टायरॅड्स’ श्रेणी ठरवली जाते. चौथ्या श्रेणीचा अर्थ ‘मध्यम संशय’ असा असून अशा गाठींपैकी शंभरात साधारण पाच ते वीस कर्करोगाच्या निघतात. म्हणजेच ऐंशी किंवा त्याहून अधिक निघत नाहीत. या श्रेणीतील दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीला सुई लावावी असा संकेत असल्याने डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे.

गरोदरपणातच ही गाठ का दिसू लागली, असा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. पहिल्या तिमाहीत वारेकडून तयार होणारे एच.सी.जी. हे संप्रेरक रचनेने टी.एस.एच.सारखेच असते आणि तेही थायरॉइडला काम करण्यास उद्युक्त करते. शिवाय आईच्या संप्रेरकांची गरज वाढलेली असते आणि लघवीवाटे आयोडीनही जास्त जाते. त्यामुळे आयोडीन पुरेसे असलेल्या स्त्रीतही ग्रंथी सुमारे दहा टक्क्यांनी मोठी होते, आयोडीन कमी असेल तर वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत वाढते, आणि आधीपासून असलेली लहान गाठ थोडी वाढून नजरेस येते. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळावा. गिळताना गाठ वर जाऊन खाली आली तर ती बहुधा थायरॉइडची असते, कारण ही ग्रंथी श्वासनलिकेला जोडलेली असते. जी गाठ गिळताना हलत नाही ती लसिकाग्रंथीची किंवा अन्य कशाची असू शकते आणि तिचा शोध वेगळ्या मार्गाने घ्यावा लागतो.

सुईच्या तपासणीचा निष्कर्ष ‘बेथेस्डा’ या सहा गटांच्या पद्धतीत येईल. दुसरा गट म्हणजे निर्दोष गाठ, सहावा म्हणजे कर्करोग, तिसरा आणि चौथा गट अनिश्चित, आणि पहिला म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. पहिला गट आला तर तो वाईट निकाल नव्हे, तपासणी पुन्हा करावी लागते एवढाच त्याचा अर्थ. समजा निष्कर्ष प्रतिकूल आला, तरीही थायरॉइडच्या कर्करोगांमध्ये सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार अतिशय संथ असतो, आणि गरोदरपणामुळे त्याचा पुढचा परिणाम बिघडतो असे दिसलेले नाही. बहुतेक स्त्रियांची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच केली जाते आणि तोवर सोनोग्राफीने गाठीवर लक्ष ठेवले जाते. चोविसाव्या ते सव्विसाव्या आठवड्याच्या आत ती लक्षणीय वाढली किंवा मानेतील लसिकाग्रंथींत पसरलेली दिसली, तरच दुसऱ्या तिमाहीत शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणूनच आपण तपासणी या महिन्यात करून घ्यावी, असे माझे मत आहे. नंतर केल्याने अनर्थ होईल असे नाही, पण निर्णयासाठी हाताशी वेळ राहतो आणि उरलेले चार महिने अनिश्चिततेत काढावे लागत नाहीत. खर्चाची अडचण असेल तर ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात विचारणा करावी.

एक तपासणी मात्र गरोदरपणात करायची नाही, ती म्हणजे किरणोत्सारी पदार्थ देऊन केलेला थायरॉइडचा स्कॅन. किरणोत्सारी आयोडीन वार ओलांडून बाळाकडे जाते, आणि साधारण बाराव्या आठवड्यानंतर बाळाची स्वतःची थायरॉइड ते शोषून घेऊ लागते. गळ्याच्या सोनोग्राफीत किरणोत्सार नसतो, ती कितीही वेळा केली तरी चालते.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. दोन महिन्यांपासून घशात सतत काहीतरी अडकले आहे असे वाटते, वारंवार खाकरावे लागते, रात्री त्रास वाढतो. जेवण मात्र नीट उतरते. टी.एस.एच. २.८ आहे आणि सोनोग्राफीत ६ मिलिमीटरची एक गाठ निघाली. या गाठीमुळेच त्रास होत असेल का? शेजारच्या ताई म्हणतात की थायरॉइडची गोळी लगेच सुरू करायला हवी. — एक वाचक, हडपसर

उत्तर : ही गाठ ज्वारीच्या दाण्याहून थोडीच मोठी आहे. ती ग्रंथीच्या आत आहे, अन्ननलिकेपासून दूर आहे, आणि एवढ्या गाठीने घशात अडथळा होत नाही. अशा बारीक गाठी सोनोग्राफी केली तर अनेक निरोगी स्त्रियांमध्ये सापडतात. आपली सोनोग्राफी घशाच्या तक्रारीमुळे झाली म्हणून ती सापडली, एवढाच या दोहोंचा संबंध आहे. टी.एस.एच. २.८ हाही सातव्या महिन्यात स्वीकारार्ह आकडा आहे. पूर्वी गरोदरपणाच्या सुरुवातीला २.५ ही कडक मर्यादा धरली जाई. २०१७ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने, प्रयोगशाळेकडे स्थानिक गरोदर स्त्रियांची स्वतःची मर्यादा नसेल तर ४.० ही वरची मर्यादा धरावी, असे सुचवले. आपल्याकडे काही डॉक्टर अजूनही जुनी मर्यादा पाळतात, म्हणून एकाच अहवालावर दोन मते ऐकू येतात. गोळी सुरू करण्याचा निर्णय शेजारच्या अनुभवावरून घेऊ नये, आणि घसा मोकळा व्हावा म्हणून तर मुळीच घेऊ नये, कारण त्या गोळीने घसा मोकळा होत नाही.

मराठीत या जाणिवेला नेमका शब्द आहे : आवंढा. नुसती थुंकी गिळताना तो जाणवतो, दोन घासांच्या मधल्या वेळात जाणवतो, आणि जेवू लागले की नाहीसा होतो. आपले जेवण नीट उतरते, हीच गोष्ट मला सर्वांत दिलासा देणारी वाटते, कारण खरा अडथळा असेल तर पोळी, भाकरी किंवा भाताचा घास आधी अडकतो, पाणी नंतर.

सातव्या महिन्यात असा आवंढा येण्याचे सर्वांत सामान्य कारण जठरातील आम्ल वर येणे हे आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडपेचे स्नायू सैल पडतात, आणि वाढलेले गर्भाशय खालून जठरावर दाब देते. आम्ल घशापर्यंत येते, आणि प्रत्येक वेळी छातीत जळजळ होतेच असे नाही. कित्येकींना केवळ खाकरणे, सकाळी आवाज बसणे आणि रात्री वाढणारा त्रास एवढेच जाणवते. दुसरे कारण नाकाचे. गरोदरपणात नाकाच्या आतील त्वचा सुजून नाक चोंदते आणि शेंबूड मागून घशात उतरतो. सर्दी नसतानाही हे घडते.

रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि थोडे कमी करावे. घरातील माणसे उशिरा येतात म्हणून गरोदर सुनेनेही दहा वाजेपर्यंत थांबावे, ही पद्धत निदान या महिन्यांत बाजूला ठेवावी. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी, कारण नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. झोपताना डाव्या कुशीवर झोपावे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून वारंवार पिणे गरोदरपणात योग्य नाही. आम्लासाठी सुरक्षित औषधे आहेत, ती प्रसूतितज्ज्ञांकडून घ्यावीत. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा फवारा उपयोगी पडतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, घन अन्न अडकू लागले, उताणे निजल्यावर श्वास घेताना घरघर झाली, दोन्ही हात डोक्यावर धरल्यावर मिनिटभरात चेहरा लालबुंद होऊन गुदमरू लागले, किंवा गळ्याचा आकार आठवड्या-आठवड्याला वाढला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. स्वरयंत्र पाहण्याची दुर्बीण गरोदरपणात वापरता येते. दिवसभराच्या काळजीनेही आवंढा दाटतो हे खरे आहे, परंतु म्हणून त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. स्नायू खरोखरच आवळलेले असतात आणि त्रासही खरोखरच होत असतो.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. तिचे वजन झपाट्याने उतरले, छातीत धडधडते, हात थरथरतात, चिडचिड होते, केस मूठमूठ गळतात आणि गळा भरून आल्यासारखा वाटतो. टी.एस.एच. ०.०२ आला. दहा दिवसांपूर्वी कार्बिमाझोल सुरू केले आहे. केसांसाठी ती बायोटिनच्या गोळ्याही घेते. अंगावर पाजत असल्याने आम्हांला बाळाची काळजी वाटते. — एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : आपण बारकाईने लिहिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सर्वांत आधी एक सावधगिरी सांगतो. कार्बिमाझोल घेत असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी ते औषध थांबवून रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यावी. क्वचित या औषधाने त्या पेशी एकदम घटतात आणि त्याची पहिली खूण घशातच दिसते. गळा भरून आल्यासारखा वाटणे वेगळे, आणि तापासह घसा दुखणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात एक रात्रही वाट पाहू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातील साधारण पाच ते दहा स्त्रियांना थायरॉइडची सूज येते. गरोदरपणात आईची रोगप्रतिकारशक्ती बाळाला परके मानू नये म्हणून काहीशी मवाळ झालेली असते. प्रसूतीनंतर ती उसळून वर येते आणि काही जणींत स्वतःच्याच थायरॉइडवर चालून जाते. ग्रंथी दुखत नाही, फार तर थोडी फुगते, आणि तिच्यात साठवलेले संप्रेरक एकदम रक्तात सांडते. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांत दिसणारी धडधड, थरथर आणि वजन उतरणे यांमागे बहुधा हीच सूज असते. साठा संपला की हा टप्पा आपोआप ओसरतो. कार्बिमाझोल नवीन संप्रेरक तयार होणे थांबवते, सांडलेल्या साठ्यावर त्याचा उपाय चालत नाही; म्हणून या सुजेत त्याचा उपयोग नसतो आणि त्रास जास्त असेल तर काही आठवडे प्रोप्रानोलॉलसारखे धडधड कमी करणारे औषध पुरते. ते अंगावर पाजताना चालते, मात्र दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

याच महिन्यांत ‘ग्रेव्ह्ज’ नावाचा दुसरा आजारही डोके वर काढू शकतो. त्यात ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक तयार करते आणि तेथे कार्बिमाझोल हेच योग्य औषध असते. नुसत्या टी.एस.एच.वरून या दोहोंतील फरक कळत नाही. त्यासाठी ‘टी.एस.एच. रिसेप्टर अँटिबॉडी’ ही रक्ताची तपासणी आणि ग्रंथीतील रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करता येते. ग्रेव्ह्जमध्ये अँटिबॉडी सापडते आणि रक्तप्रवाह वाढलेला असतो. मुलीचे डोळे मोठे झाल्यासारखे किंवा पुढे आल्यासारखे दिसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. स्कॅनची वेळ आलीच तर टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचा स्कॅन करता येतो, पण त्यानंतर सुमारे एक दिवस दूध काढून टाकून द्यावे लागते. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार अंगावर पाजत असताना करत नाहीत.

यापेक्षाही आधी एक गोष्ट करावी. बायोटिनच्या गोळ्या थांबवून दोन-तीन दिवसांनी टी.एस.एच. आणि थायरॉइडची स्वतःची संप्रेरके, म्हणजे फ्री टी३ आणि फ्री टी४, पुन्हा तपासून घ्यावीत. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत तपासणीची रसायने बांधून ठेवण्यासाठी बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात बायोटिन जास्त असले की काही यंत्रे टी.एस.एच. खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतात, आणि अँटिबॉडीचा निकालही चुकू शकतो. आपल्या मुलीची लक्षणे पाहता तिला खरा आजार असण्याचा संभव अधिक आहे, तरीही औषधाचा निर्णय स्वच्छ अहवालावरच व्हायला हवा. केस गळण्याविषयी सांगायचे तर, गरोदरपणात न गळलेले केस प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांनी एकदम गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. त्यावर बायोटिनचा फारसा उपयोग होत नाही.

बाळाची भीती बाळगू नये. कार्बिमाझोलचे रोज २० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण अंगावर पाजताना सुरक्षित मानले जाते आणि दहा दिवसांत बाळाचे काही बिघडलेले नसेल. वर सांगितलेल्या ताप-घशाच्या खुणा नसतील तर औषध एकाएकी आपल्या मनाने बंद करू नये. हे पत्र घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे आणि वरील तपासण्यांविषयी विचारावे.

सूजच असेल तर पुढील टप्पा लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तोच बहुतेक वेळा हुकतो. धडधड ओसरते, सगळ्यांना हायसे वाटते, मुलगी सासरी जाते, आणि चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास ग्रंथी रिकामी होऊन काम कमी करू लागते. थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थंडी वाजणे, दूध कमी होणे आणि मन उदास राहणे ही लक्षणे दिसतात, आणि घरातील सगळे ‘लहान मूल आहे, झोप होत नाही, चालायचेच’ असे म्हणून मोकळे होतात. ते चालू देऊ नये. पहिला टप्पा संपल्यापासून दर चार ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासावा आणि तो वाढला तर गोळी घ्यावी. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची कायमची मंद राहते, म्हणून त्यानंतरही वर्षातून एकदा ही तपासणी करावी. उदासी थायरॉइडमुळेच आहे असेही धरून चालू नये. बाळाविषयी किंवा स्वतःविषयी भीतिदायक विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि प्रसूतितज्ज्ञांनाही तत्काळ सांगावे.

प्रश्न : मी गरोदरपणाआधी थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होते, गरोदरपणात ती १०० केली. वीस दिवसांपूर्वी बाळंत झाले. आई पहाटे डिंकाचा लाडू आणि दूध देते, नंतर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. थायरॉइडची गोळी केव्हा घ्यावी आणि किती? — एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : गरोदरपणात गोळीची गरज साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते, प्रसूतीनंतर ती पूर्वीच्या पातळीवर येते. म्हणून बहुतेकींना बाळंतपणानंतर लगेच जुन्या प्रमाणावर आणतात आणि सहा आठवड्यांनी टी.एस.एच. पाहतात. तुम्हांला रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेल्या कागदावर याविषयी काही लिहिले नसेल, तर आजच दूरध्वनी करून विचारावे. शंभरची गोळी केवळ कोणी सांगितले नाही म्हणून चालू राहिलेल्या आणि धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत.

वेळेच्या बाबतीत आईला थोडे थांबवावे लागेल. गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि लाडू, दूध किंवा चहा निदान अर्ध्या तासाने, शक्य झाल्यास तासाने घ्यावा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, कारण त्या थायरॉइडची गोळी आतड्यात धरून ठेवतात आणि ती अंगी लागत नाही. अळिवाची खीर, डिंक, मेथी यांना माझा विरोध नाही, फक्त त्यांनी गोळीच्या आधी पोटात जाऊ नये. रात्रभर बाळाला घेऊन जागलेल्या बाईला पहाटेची वेळ पाळणे जमत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, बाळाला पाजायला उठल्यावर, गोळी घेतली तरी चालते. वेळ कोणतीही ठरवावी, पण रोज तीच असावी. गोळ्यांची बाटली घट्ट बंद ठेवावी आणि पावसाळ्याच्या ओलीत न्हाणीघरात किंवा ओट्यावर ठेवू नये. दुधातून बाळाला या गोळीचा अपाय होत नाही.

प्रश्न : थायरॉइडची गाठ असताना कोबी, फ्लॉवर आणि सोयाबीन बंद करून सैंधव मीठ वापरावे, असे सांगितले जाते. मी तीन महिन्यांची गरोदर आहे. — एक वाचक, औंध

उत्तर : सैंधवाचा सल्ला गरोदरपणात हानिकारक आहे. त्यात पुरेसे आयोडीन नसते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, इतर प्रौढांना १५०. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यात संप्रेरक बनवू लागते आणि त्यानंतरही बरेच दिवस आईवर अवलंबून असते. बाळाच्या मेंदूची घडण याच काळात होत असते. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, १९९२ साली त्याला आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असे नाव मिळाले, आणि १७ मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. इतक्या वर्षांच्या प्रयत्नांनी घरोघरी पोहोचलेले मीठ गरोदर स्त्रीच्याच ताटातून काढले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घरात पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. दिवसाला पाच ग्रॅम मीठ धरले तर किमान ७५ मायक्रोग्रॅम मिळते. उरलेले दूध, दही, अंडी, मासे यांतून यायला हवे. मीठ जास्त खाऊन ही तूट भरून काढू नये. रोजच्या जीवनसत्त्वांच्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम आयोडीन आहे का, ते वेष्टनावर पाहून डॉक्टरांशी बोलावे. समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल मात्र घेऊ नयेत, त्यांतील आयोडीन अतोनात असू शकते. मिठाचा डबा झाकून ठेवावा आणि मीठ भाजी शिजत आल्यावर घालावे. शिजवलेली कोबी आणि फ्लॉवर आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ल्याने काहीही होत नाही. सोयाबीनबाबत एवढेच, की थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्या वेळेजवळ ते खाऊ नये.

प्रश्न : गरोदरपणात माझ्या गाठीची सुईने तपासणी झाली आणि ती निर्दोष निघाली. आता बाळ आठ महिन्यांचे आहे, पण गाठ तेवढीच आहे. ती विरघळायला हवी होती ना? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : निर्दोष गाठ बाळंतपणानंतर थोडी आकसते किंवा आहे तेवढीच राहते, ती नाहीशी व्हावीच अशी अपेक्षा नसते, आणि तिच्यासाठी गोळी घेण्याचीही गरज नसते. पहिल्या सोनोग्राफीनंतर वर्ष ते दोन वर्षांच्या दरम्यान दुसरी सोनोग्राफी करावी आणि शक्य तर त्याच केंद्रात करावी, म्हणजे मापांची तुलना नीट होते. जुन्या सोनोग्राफीच्या छायाप्रती आणि सुईच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच टी.एस.एच. आणि ही सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पहिल्या गरोदरपणात गाठ निघाली होती हे नव्या प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे.